अण्णांना टॉकबॅकवर फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

वारणाकाठची | ३ जून, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७१ वर्षांचे आहेत. एसटीत कंडक्टर होते. काचबिंदू उशिरा कळला. डावा डोळा आधीच गेला होता, उजव्याने गेल्या दिवाळीपर्यंत मोठी अक्षरं दिसायची. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. थेंब चालू आहेत.

आई चार वर्षांपूर्वी गेली. अण्णा गावाकडे, शेजारीच चुलतभावाचं घर. मी पुण्यात. फोन लावायचा तर वहिनी लावून देते, आलेला मेसेज पुतण्या वाचून दाखवतो. मागच्या आठवड्यात सगळे रानात गेले होते आणि अण्णांना माझ्याशी बोलायचं होतं. संध्याकाळी वहिनी आली तेव्हा ते सोप्यात फोन हातात धरून बसले होते. दुपारपासून. हे तिने मला सांगितलं तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी टॉकबॅक नावाची सोय अँड्रॉइडमध्येच असते असं कळलं म्हणून माझ्या फोनवर चालू करून पाहिली आणि मीच घाबरले. एकदा बोट लावलं तर नुसतं बोलतंय, उघडत काहीच नाही. स्क्रीन सरकेना. बंद कसं करायचं तेही कळेना, शेवटी ऑफिसमधल्या मुलाकडून बंद करून घेतलं. मला दिसत असून हे असं, तर अण्णांना जमेल का? कुणी घरात शिकवलंय का? आधी काय, नंतर काय?

सह्यभटका | ३ जून, रात्री ९.४०

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. साधा बटणांचा फोन घेऊन द्या. ५ च्या बटणावर टिंब असतं, त्यावरून बाकीचे आकडे सापडतात. २ दाबून ठेवलं की तुम्हाला फोन, ३ ला भावाला, झालं काम. आमच्या आजोबांनी शेवटपर्यंत तोच वापरला. या वयात काचेवर बोटं फिरवायला लावून त्यांना आणखी हताश करू नका.

मध्यलय | ३ जून, रात्री १०.२५

सह्यभटका, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी असहमत आहे आणि का ते सविस्तर लिहितो. मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, वय ३८, नाशिकला बँकेत नोकरी करतो. हा प्रतिसादही फोनवरच लिहितोय.

बटणांच्या फोनने कॉल होईल, मान्य. पण आज घरातल्या गोष्टी कुठे घडतात? बारशाचं आमंत्रण, भावकीतलं कुणी गेल्याची बातमी, नातीचा बोबडा व्हॉइस मेसेज, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. बटणांचा फोन हातात दिला की माणूस त्या बैठकीतून उठवल्यासारखा होतो. त्याला बातमी कळते, पण सगळ्यांच्या नंतर आणि दुसऱ्याच्या तोंडून.

ताई, तुम्ही घाबरलात कारण टॉकबॅक चालू झाल्यावर फोनचे नियमच बदलतात, आणि ते तुम्हाला कुणी सांगितले नव्हते. नियम थोडेच आहेत. बोट लावलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलतो, उघडत नाही. उघडायचं असेल तर स्क्रीनवर कुठेही पटकन दोनदा टॅप करायचं, त्याच जागेवर करायची गरज नाही. एक बोट उजवीकडे झटकलं की पुढची गोष्ट, डावीकडे झटकलं की मागची. पान सरकवायला दोन बोटं. आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबली की टॉकबॅक चालू किंवा बंद, मात्र हा शॉर्टकट सेटिंगमध्ये आधी चालू करून ठेवा. एवढ्यावर माझी रोजची कामं पार पडतात.

आता शिकवण्याबद्दल. अण्णांचं बोट धरून स्क्रीनवर फिरवू नका. कळकळीने सांगतो. डोळस माणसं प्रेमापोटी हेच करतात आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात काही राहत नाही, कारण बोट दुसऱ्याचं डोकं चालवत असतं. तुम्ही बोलून सांगा, हात मागे ठेवा. त्याआधी चार दिवस तुम्ही स्वतः सराव करा. टॉकबॅकच्या मेनूत स्क्रीन लपवायची सोय आहे, ती चालू करा. काळ्या स्क्रीनवर मला एक फोन लावून दाखवा, मग अण्णांकडे जा.

पहिले आठ दिवस व्हॉट्सअ‍ॅपचं नाव काढू नका. फक्त फोन लावणं, उचलणं, ठेवणं.

निशिगंधा_के | ३ जून, रात्री १०.५१

मध्यलय, प्रतिसाद खूप आवडला. वाचनखूण साठवली आहे. वाचतेय.

जुना_नोकियावाला | ४ जून, सकाळी ७.०५

मध्यलय यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझं वय ५६, विसाव्या वर्षी नजर गेली. आमच्या वेळी नोकियाच्या सिंबियन फोनवर टॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं. ज्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला आलेला एसएमएस स्वतः ऐकला तो दिवस अजून आठवतो. बायकोने माहेराहून पाठवलेला होता, घरच्यांनी वाचून दाखवायचा म्हटलं असतं तर तिने तो लिहिलाच नसता.

मग २००९ साली टॉकबॅक आलं आणि त्याच वर्षी आयफोनवर व्हॉइसओव्हर. बटणं नसलेल्या काचेवर आम्ही कसं काम करणार, असं आमच्यातल्याच पुष्कळांना वाटत होतं. मलाही दीड वर्ष लागलं ती काच हातात धरायला. म्हणून सह्यभटका यांची शंका मला समजते. पण ती शंका खरी ठरली नाही.

वारणाकाठची | ४ जून, रात्री ८.३०

मध्यलयदादा, कसे आभार मानू? आज स्क्रीन काळी करून बसले. मैत्रिणीला फोन लावायला अकरा मिनिटं लागली. मध्येच दोनदा रडू आलं, फोनमुळे नाही, अण्णा दिवसभर असेच असतात हे पहिल्यांदा अंगावर आलं म्हणून.

एक सांगते. अण्णा कंडक्टर होते तेव्हा तिकिटांचा तो पत्र्याचा ट्रे असायचा, आठवतो का? रकान्या-रकान्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे. भरलेल्या गाडीत, रात्री, दिव्याचा पत्ता नसताना अण्णा ट्रेकडे न बघता तिकीट काढायचे. अंगठा थुंकीने ओला करून एकच तिकीट अलगद वर उचलायचे, टचकन पंच मारायचे आणि डोळे मात्र प्रवाशाच्या तोंडाकडे. मी लहानपणी ट्रे घेऊन खेळायचे तर म्हणायचे, "रकाना बदलू नगंस पोरी, माझा हात चुकंल."

मध्यलय | ४ जून, रात्री ९.०२

ताई! तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंत. त्यांना ट्रे करून द्या.

होम स्क्रीनवरचं सगळं काढून टाका. फक्त चार गोष्टी, चार कोपऱ्यांत. अँड्रॉइडमध्ये एखाद्या माणसाचा थेट फोन लावणारा विजेट होम स्क्रीनवर ठेवता येतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात तुम्ही, वरच्या उजव्या कोपऱ्यात चुलतभाऊ, खाली डावीकडे फोन, खाली उजवीकडे व्हॉट्सअ‍ॅप. फोनचा कोपरा हाताला लागतोच, तिथून बोट आत घेतलं की नाव बोलेल, दोनदा टॅप, लागला. झटकत झटकत शोधत जाणं नंतर येईल. आणि त्यांनी सांगितलंय तसं, रकाना बदलायचा नाही. घरातल्या मुलांना बजावून ठेवा. फोन "नीट लावून" देण्याच्या नादात पोरं आयकॉन हलवतात आणि आमच्यासारख्याचं अख्खं घर इकडचं तिकडे होतं.

आणखी दोन कामं आधी करून ठेवा. फोनमध्ये दोन सिम असतील तर कॉलसाठी एक कायमचं ठरवून टाका, नाहीतर दर वेळी "कोणतं सिम" अशी चौकट मध्ये येते आणि नवा माणूस तिथेच अडकतो. आणि सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये पॉवर बटणाने कॉल संपवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. फोन कट करणं हे लावण्यापेक्षा अवघड जातं.

पल्याडचा_परब | ४ जून, रात्री ११.४८

न्यू जर्सीहून. माझ्या सासूबाई (मूळच्या मालवणच्या, मॅक्युलर डीजनरेशन म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आजार) आयफोनवर व्हॉइसओव्हर वापरतात. तिथे दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की आलेला फोन उचलला जातो आणि तसंच पुन्हा केलं की कट होतो, स्क्रीनवर काही शोधावंच लागत नाही. टॉकबॅकमध्येही हे आहे ना आता?

मध्यलय | ५ जून, सकाळी ८.१५

हो, आहे. जुन्या अँड्रॉइडवर मात्र मिळत नाही, घेण्याआधी हातात धरून करून बघावं.

अक्षरओळ | ५ जून, दुपारी १.२०

आवाज इंग्रजी ठेवायचा की मराठी, हे अजून कुणी बोललं नाही. माझं मत इंग्रजी. मी स्वतः अल्पदृष्टी आहे, मराठी आवाज मला फार संथ आणि सपाट वाटतो, आणि अ‍ॅपमधली निम्मी नावं इंग्रजीतच असतात.

जुना_नोकियावाला | ५ जून, दुपारी २.१०

अक्षरओळ, तुमच्या-माझ्यासाठी ठीक. ७१ वर्षांच्या कंडक्टरला "डबल टॅप टू अ‍ॅक्टिव्हेट" कशाला? मराठी ठेवलं की तो "अ‍ॅक्टिव्हेट करण्यासाठी दोनदा टॅप करा" म्हणतो. आपल्या भाषेत वस्तू बोलायला लागली की भीती निम्मी जाते.

मराठी आवाजाच्या खोडी आहेत, त्या आधी सांगून ठेवाव्यात. आपल्याकडे च आणि ज दोन तऱ्हांनी म्हणतात, चमच्यातला च वेगळा आणि चहातला वेगळा. यंत्राला कधी कधी ते उमजत नाही, मग पाण्याचा जग आणि सारं जग एकच होऊन बसतं. वेग सुरुवातीला अगदी कमी ठेवा. दोन महिन्यांत ते स्वतःच वाढवायला सांगतील. माझा वेग ऐकून बायको म्हणते कणीस भाजताना दाणे उडतायत.

अक्षरओळ | ५ जून, दुपारी २.४४

वस्तू आपल्या भाषेत बोलली की भीती जाते, हे पटलं. मत बदलतो. मग एक जोडतो: फोनमध्ये नावं देवनागरीतच साठवा. मराठी आवाजाला इंग्रजी लिपीतलं "आई" दिलं तर काय वाचेल याचा नेम नाही. आणि नावापुढची फुलं, बदाम, मुकुट काढून टाका. टॉकबॅक ते सगळं वाचतो. माझ्या भाचीच्या नावापुढे तीन फुलपाखरं होती, तिचा फोन आला की फुलपाखरं संपेपर्यंत रिंग संपायची.

तुळशीवृंदावन | ५ जून, सायं. ६.०३

या विषयावर मला मनापासून लिहायचं होतं. माझी मुलगी १९ वर्षांची, अंध, पुण्यात वसतिगृहात राहते. आमच्या घरच्या ग्रुपवर ५३ माणसं. तिने एक दिवस मला तिच्या फोनवर ग्रुप ऐकवला. मी शेजारी बसून ऐकला आणि मला पहिल्यांदा कळलं की आम्ही तिच्याशी बोलतच नव्हतो.

"छायाचित्र. छायाचित्र. छायाचित्र. अग्रेषित, छायाचित्र." ही सकाळची सुप्रभात. मग कुणाच्या तरी वाढदिवसाला एका आत्याने टाकलेले हात जोडलेले, एकेक करून, सतरा वेळा. मग कुणी इंग्रजी लिपीत मराठी लिहिलेलं, ते मराठी आवाजात ऐकवलं तेव्हा मी माझाच मेसेज ओळखला नाही. आणि आजेसासूबाई गेल्याचा निरोप? तो कुणीतरी छापील कार्डाचा फोटो काढून टाकला होता. पोरीला तो "छायाचित्र" म्हणून ऐकू आला आणि ती पुढे गेली. तिला दोन दिवसांनी कळलं.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं. रागाने नाही. एवढंच, की फोटो टाकलात तर खाली एक ओळ लिहा. "अमेय आणि नवी गाडी, अंगणात, आजी हार घालतेय." बस. सुरुवातीला तिघांनीच पाळलं. आता बहुतेक जण पाळतात, आणि गंमत म्हणजे आमच्या म्हाताऱ्या काकांनाही बरं पडतं, त्यांना चष्मा शोधावा लागत नाही.

वारणाकाठची, तुम्ही अण्णांना शिकवाल तेव्हाच ग्रुपलाही शिकवा.

निशिगंधा_के | ५ जून, सायं. ६.२०

हे वाचून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आत्ता जाऊन पाहिलं. पाणी बंद असल्याची सूचना, कागदाचा फोटो. लिफ्टची सूचना, कागदाचा फोटो. तिसऱ्या मजल्यावर एक अंध आजी राहतात. सेक्रेटरीला फोन करतेय.

टंकलेखक_सोलापूर | ५ जून, रात्री ९.१५

फोटोचं सोडा, अक्षरं असूनही वाचता येत नाही असा प्रकार आहे. मी २२ वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी मजकूर जुळवायचं काम करतो. आपल्याकडे अजून खूप मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप होतो. दिसायला सुंदर देवनागरी, पण आत संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ असते. तशी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली की टॉकबॅकसारखा स्क्रीनरीडर ती भेळच वाचतो. एका अंध ग्राहकाने मला ते ऐकवलं, तेव्हापासून माझ्याकडून बाहेर जाणारी प्रत्येक पत्रिका युनिकोडमध्ये जाते आणि सोबत साधा मजकूर कॉपी करण्याजोगा जातो. डीटीपीवाले कुणी वाचत असतील तर हात जोडून विनंती, बदला.

पल्याडचा_परब | ५ जून, रात्री ११.३०

फोटोंवर एक उपाय. बी माय आईज हे मूळ डेन्मार्कचं अ‍ॅप, २०१५ पासून आहे. आधी त्यात व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवक मदत करायचे, २०२३ पासून फोटोचं वर्णन एआय करून देतं. व्हॉट्सअ‍ॅपमधला फोटो शेअर करून त्यात पाठवता येतो. सासूबाई आलेला प्रत्येक फोटो तिथे ढकलतात. "निळ्या साडीतली वयस्क स्त्री, पाठीमागे समुद्र" असं ऐकलं की त्या म्हणतात, हा, शालन. मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय आणि गूगलचं लुकआउट हीही त्याच कामाची.

पण "एकदाच पाहा" करून पाठवलेला फोटो शेअरही होत नाही आणि त्याचा स्क्रीनशॉटही निघत नाही. म्हणजे अंध माणसाला तो मिळाला काय आणि न मिळाला काय. घरच्यांनी तसा पाठवू नये.

मध्यलय | ६ जून, सकाळी ८.४०

परब, बरोबर. फक्त एआयच्या वर्णनावर औषधाची बाटली किंवा पैशाचा आकडा सोडू नका, ते आत्मविश्वासाने चुकतं. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं मनी अ‍ॅप आहे, २०२० च्या जानेवारीत आलं, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किंमत सांगतं. कंडक्टर माणसाला नोट स्वतः ओळखता येणं किती मोलाचं असेल ते मी सांगायला नको.

आडवाटेवरची | ६ जून, दुपारी १२.१५

थोडं अवांतर, पण कॉलबद्दलच. मी एका खासगी कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे, अंध. सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे "मराठीसाठी २ दाबा". फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते. कानापासून काढला की टॉकबॅक बोलायला लागतो आणि पलीकडची बाई काय म्हणाली ते त्यात बुडतं. २ सापडेपर्यंत ती पहिल्यापासून सुरू करते. एका ठिकाणी मी चार वेळा फोन लावला होता, गॅस सिलिंडरसाठी.

माझा तोडगा: इअरफोन एकाच कानात, कॉल लागताक्षणी कीपॅड उघडायचा आणि ५ वर बोट ठेवून थांबायचं. टॉकबॅकमध्ये टायपिंगची पद्धत बदलता येते, बोट उचललं की अंक उमटतो अशी ठेवायची, दोनदा टॅप करायला नको. आणि जो नंबर नेहमी लागतो तो साठवतानाच नंबरापुढे स्वल्पविराम आणि मग अंक द्यायचा. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंद थांबणं. दोन-तीन स्वल्पविराम, मग २, पुन्हा दोन स्वल्पविराम, मग १. फोन आपोआप अंक दाबत जातो, आपण नुसतं ऐकायचं.

टंकलेखक_सोलापूर | ६ जून, दुपारी १२.३०

स्वल्पविरामाचं मला दिसत असूनही माहीत नव्हतं. कमाल.

कायदेकानू | ६ जून, सायं. ५.५०

आडवाटेवरची, तोडगे छान आहेत, पण हे तुम्हाला शोधावे लागू नयेत असं माझं म्हणणं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४२ माहिती आणि संपर्काच्या साधनांविषयीच आहे. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. अमर जैन स्वतः दृष्टिहीन वकील आहेत, प्रज्ञा प्रसून अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या. मुद्दा ई-केवायसीचा, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचा होता: ज्यांना डोळ्यांची उघडझाप करून दाखवता येत नाही त्यांनी आपण जिवंत आहोत हे कॅमेऱ्याला कसं पटवायचं? न्यायालयाने वीस निर्देश दिले.

अ‍ॅपमधलं एखादं बटण नुसतं "बटण" एवढंच बोलत असेल तर गप्प बसू नका. अ‍ॅपच्या मदत विभागात लिहा, स्टोअरवर लिहा, पुन्हा लिहा.

मध्यलय | ६ जून, रात्री १०.०५

मी लिहितो. एका अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीत पैसे पाठवायचं पान "बटण, बटण, बटण" झालं होतं. सहा आठवडे मी सहकाऱ्याकडे फोन देत होतो, म्हणजे माझी शिल्लक त्यालाही दिसत होती. सातव्या तक्रारीनंतर लेबलं आली. लेबल लावणं म्हणजे प्रोग्रामरला दोन शब्द लिहायचे असतात फक्त, म्हणून जास्त वाईट वाटतं.

ताई, सुरक्षेचंही आत्ताच सांगतो. अण्णांचा फोन लॉक असताना सूचनांमधला मजकूर बोलू नये असं सेटिंग करा, नाहीतर ओटीपी चावडीवर वाचला जाईल. ओटीपी ऐकताना अक्षर-अक्षर वाचायला शिकवा. मराठी आवाज ४८२९१३ ला "चार लाख ब्याऐंशी हजार नऊशे तेरा" म्हणतो! आणि कुठलंही अनोळखी अ‍ॅप अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर द्यायची नाही. टॉकबॅकला ती लागते म्हणून आमच्या लोकांना सवय होते आणि चोर नेमकं तेच दार वापरतात.

वारणाकाठची | २९ जून, रात्री १०.१०

मंडळी, गायब होते कारण गावी होते. आठ दिवस रजा टाकली. आता सगळं सांगते.

पहिल्या दिवशी अण्णा फोनला हात लावायला तयार नव्हते. "मला आता काय शिकवतीस, दिवस भरलं माजं." मी काही बोलले नाही. फोन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, अण्णा, ट्रे लावून आणलाय. वर डाव्या रकान्यात मी, उजव्यात दादा. ते जरा वेळ गप्प. मग त्यांनी फोन दोन्ही हातांनी चाचपला, कडेने अंगठा फिरवला, कोपरा धरला आणि बोट आत घेतलं. फोन माझं नाव बोलला. दचकले, बोट उचललं. पुन्हा ठेवलं. पुन्हा नाव. पाच-सहा वेळा नुसतं ऐकतच राहिले, टॅप केलंच नाही.

दोनदा टॅप करणं तीन दिवस जमेना. बोटांना कंप आहे, दोन टॅपमध्ये अंतर पडायचं. मी जवळजवळ त्यांचा हात धरणारच होते, मध्यलयदादांचं वाक्य आठवलं आणि हात पाठीमागे बांधून बसले. खरंच बांधून, ओढणीने. शेवटी म्हटलं, अण्णा, पंच मारायचात ना तसं, टच-टच. चौथ्या दिवशी जमलं.

मी १६ तारखेला पुण्याला परतले. १८ ला सकाळी पावणेसातला फोन वाजला. मला वाटलं वहिनी, इतक्या सकाळी, पोटात गोळाच आला. उचलला तर अण्णा. म्हटलं काय झालं, कुणी लावून दिला? म्हणाले, "कुनी न्हाई हितं. मीच लावलाय. गाडी टायमात हाय का बगत हुतो."

मला पुढे बोलता आलं नाही. तेच बोलत राहिले, पाऊस नाही, म्हैस आटली, असं.

तुळशीवृंदावन | २९ जून, रात्री १०.२२

डोळे भरून आले ताई. मुलीला वाचून दाखवला हा प्रतिसाद. नाही, चुकलं, तिने स्वतःच्या फोनवर ऐकला, मी शेजारी होते.

सह्यभटका | २९ जून, रात्री ११.०१

धाग्यावरचा पहिला प्रतिसाद माझा होता. मी चुकलो होतो. आजोबांना मी विचारायला हवं होतं की त्यांना कुठला फोन हवा, आम्ही ठरवून टाकलं होतं. अण्णांना माझा नमस्कार सांगा.

मध्यलय | ३० जून, सकाळी ८.०५

"टच-टच" मी आता शिकवताना वापरणार, तुमची परवानगी गृहीत धरतो.

कंपासाठी टॅपची वेळ वाढवता येते का ते अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये बघा, फोनाफोनागणिक वेगळं असतं. आता व्हॉट्सअ‍ॅप. टायपिंग अजिबात नको. गूगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठीत बोलून लिहिता येतं, ते पुढे. आधी व्हॉइस मेसेज. माइकवर बोट आणून दोनदा टॅप, पण दुसऱ्या टॅपला बोट उचलायचं नाही, धरूनच बोलायचं, उचललं की मेसेज गेला. एका कानात इअरफोन हवाच, नाहीतर टॉकबॅकचा आवाज त्यांच्या बोलण्यात मिसळून तुम्हाला येईल. काही अडलं तर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिहीनांसाठी २००३ पासून केंद्र आहे, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडही आहे, आणि मी आहेच. व्यक्तिगत निरोप करा, अण्णांशी फोनवर बोलेन.

वारणाकाठची | ३० जून, रात्री ९.३५

दादा, तुमचा नंबर अण्णांच्या फोनमध्ये टाकू का? पाचवा रकाना करायला ते तयार आहेत, पण मधोमध पाहिजे म्हणतात, कोपरे भरले म्हणून.

मध्यलय | ३० जून, रात्री ९.४१

टाका. नाव देवनागरीत. सकाळी साडेसातनंतर कधीही.